शेवटचे दोन हात: मस्की, मरळ आणि गळाच्या विद्येचा विस्मृत इतिहास

१/ गळ टाकून मासा धरण्याचा छंद साहेबाने आणला, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. काठी, रीळ, रंगीत आमिष, डोक्यावर टोपी. चित्र ठरलेले आहे. ते अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग दख्खनच्या एका राजाच्या ग्रंथात, मराठवाड्यातील तळ्यांच्या काठी आणि अशोकाच्या एका स्तंभलेखात विखुरलेला आहे. तो जुळवण्याचा हा प्रयत्न. शेवटी माझे मतही मांडणार आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ 'मस्की' म्हटले की इतिहासप्रेमींना रायचूर जिल्ह्यातील गाव आठवते. १९१५ साली तिथे सापडलेल्या लघुशिलालेखात 'अशोक' हे नाव स्पष्ट आले आणि 'देवानांपिय' म्हणजे कोण, हा प्रश्न मिटला. तेव्हा ते गाव निजामाच्या राज्यात होते. आजचा मस्की मात्र निराळा. तो उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा, पूर्ण नाव मस्केलंज. विस्कॉन्सिन राज्याने १९५५ साली त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. अशोकाकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

३/ हा मासा सडपातळ, लांबलचक आणि दातांनी सज्ज असतो. पूर्ण वाढलेला मस्की मीटरभर किंवा त्याहून लांब भरतो. अमेरिकेत त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, म्हणजे तितक्या वेळा आमिष फेकावे तेव्हा एकदा लागणारा. तो दिसतच नाही, असे मात्र नाही. तो आमिषाचा पाठलाग करतो, होडीच्या कडेपर्यंत येतो, हातभर अंतरावर थबकतो आणि शांतपणे खोल पाण्यात उतरून जातो. शिकाऱ्याच्या हाती उरतो तो केवळ दिसल्याचा आनंद.

४/ म्हणून मस्कीच्या शिकारीची खरी विद्या दूर फेकण्यात नसून होडीलगतच्या शेवटच्या दोन हातांत आहे. पृष्ठभागावरून फडफडत, पाणी उडवत येणारे आमिष होडीपाशी पोचले की नवखा माणूस ते उचलतो आणि पुन्हा फेकतो. नेमक्या त्याच क्षणी मागून येणारा मासा निराश होऊन वळतो. जाणता माणूस आमिष उचलत नाही. तो काठीचे टोक पाण्याजवळ नेतो, हात-दीड हात दोर बाहेर ठेवतो आणि आमिषाला होडीच्या कडेने वळवतो.

५/ मग पाण्यावर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. पहिले वळण बाहेरच्या बाजूला, प्रशस्त. मग तिरपे आत. मग दुसरे वळण. आमिष कुठेही थांबू द्यायचे नाही. सरळ रेषेत किंचित वेग वाढवायचा आणि वळण मोठे ठेवायचे. लांब अंगाच्या माशाला अरुंद जागेत वळता येत नाही. आकडा लहान काढला की आमिष त्याच्या तोंडासमोरून निसटते आणि तो सोडून देतो. पृष्ठभागावरचे आमिष असेल तर ते शक्यतो पृष्ठभागावरच राहील इतका काठीचा कोन सांभाळायचा.

६/ बहुतेक झडप वळणाच्या बाहेरच्या कडेवर पडते. पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याला दिशा बदलणारे सावज म्हणजे निसटू पाहणारे सावज. सरळ जाणाऱ्याचा तो नुसता मागोवा घेतो, वळणाऱ्यावर तुटून पडतो. संधिप्रकाशात पाण्यात काही दिसत नसते. तेव्हा मासा मागे आहे असे गृहीत धरूनच प्रत्येक फेकीच्या अखेरीस आकडा काढायचा, असा जाणत्यांचा नेम असतो. दिसला तर काढू म्हणणाऱ्याचे मासे त्याला न दिसताच परत जातात.

७/ झडप पडल्यावरची कसोटी वेगळी. पाण्याचा फवारा उडाला की हात आपोआप झटका देतो आणि आमिष माशाच्या तोंडातून बाहेर येते. वजन हाताला जाणवेपर्यंत थांबायचे, मग काठी बाजूला ओढायची. दोर आखूड असल्याने त्याला ताण सहन करण्याइतकी लवचीकता नसते. म्हणून रिळाची पकड आधीच थोडी सैल ठेवायची. साऱ्या विद्येचा गाभा दोन वाक्यांत मावतो: मासा धरेपर्यंत थांबू नये, आणि धरल्यावर घाई करू नये.

८/ हे सारे वाचताना वाटेल, हे ज्ञान परक्या सरोवरांचे. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. मराठवाड्यातील तळी, बंधारे आणि नद्यांचे डोह यांत असाच पृष्ठभागावर झडप घालणारा शिकारी मासा आहे. त्याचे नाव मरळ. कुळ वेगळे, अंगाची ठेवण वेगळी. पण पाण्याच्या कातडीवर हलणाऱ्या जिवावर खालून उसळी घेण्याची रीत तीच.

९/ मरळ हा खरा दुष्काळी मुलखाचा मासा. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची इंद्रिये तिला आहेत. इतकी की वर येऊन हवा घेऊ दिली नाही तर ती पाण्यातच गुदमरते. तळे आटले की तिची एक जात ओल्या चिखलात शिरून पावसाची वाट पाहते. ज्या प्रदेशाने २०१२-१३ सारखी वर्षे सोसली, जालना शहराने ज्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली, त्या प्रदेशाची वृत्ती एखाद्या माशात पाहायची तर ती मरळीत पाहावी.

१०/ हवा घेण्यासाठी वर आलेली मरळ बुडबुडा सोडते आणि जाणत्याला ठिकाण कळते. मग लांब बांबूची काठी, बळकट दोर, गळ आणि त्याला लावलेला बेडूक. कमळपानांच्या किंवा शेवाळाच्या मधल्या मोकळ्या जागेत तो अलगद टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. पाण्यावर टपटप उमटणारी वर्तुळे हेच खरे आमिष. उसळी आली तरी झटका द्यायचा नाही. मरळीने बेडूक तोंडात घेऊन खाली जावे एवढा अवधी द्यायचा. मस्कीच्या विद्येतील दुसरे वाक्य इथे जसेच्या तसे लागू पडते.

११/ पहिले वाक्य मात्र लागू पडत नाही. मस्की मोकळ्या पाण्यात पाठलाग करतो, म्हणून तिथे थांबणे म्हणजे गमावणे. मरळ झाडोऱ्यात दबा धरते, म्हणून इथे मोकळ्या जागेत आमिष क्षणभर स्थिर राहिले तरच तिला नेम साधता येतो. काठ जवळ आल्यावर बेडूक जमिनीवर चढणार, हे मरळीला ठाऊक असते. तिच्या दृष्टीने ती शेवटची संधी असते. शेवटचे दोन हात इथेही निर्णायकच. फक्त ते हलवण्याने नव्हे, थबकण्याने जिंकायचे. पाणी बदलले की विद्येचे व्याकरण बदलते.

१२/ योगायोग पाहा. अमेरिकेत पृष्ठभागावरच्या कृत्रिम आमिषांच्या उद्योगाचा आरंभ सांगताना मिशिगनमधील डोवाजिॲक या गावचे जेम्स हेडन यांचे नाव घेतले जाते. हे गृहस्थ मूळचे मधमाशीपालक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी लाकडाचे आमिष कोरले, आणि त्याला आकार दिला तो बेडकाचा. बेडूक पाण्यावर मोठ्या माशाला खुणावतो, हे मिशिगनच्या मधपाळालाही कळले आणि दख्खनच्या भोयालाही. एकाच्या नावाने कारखाना उभा राहिला. दुसऱ्याचे नावही कोणी विचारले नाही.

१३/ आता आपल्या लिखित इतिहासाकडे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला. पाच विभाग, प्रत्येकात वीस अध्याय. त्यांपैकी चौथा विभाग राजाच्या विनोदांचा, म्हणजे करमणुकींचा. त्यात गजविनोद, अश्वविनोद यांच्या पंगतीत 'मत्स्यविनोद' आहे. पस्तीसच्या आसपास माशांची नावे, त्यांचे अधिवास, त्यांना घालायचे खाद्य, काठी, दोर, गळ यांचा विचार त्यात केलेला आहे.

१४/ इंग्लंडमधील गळावरचा पहिला छापील निबंध १४९६ चा. आयझॅक वॉल्टनचे विख्यात पुस्तक १६५३ चे. मत्स्यविनोद त्यांच्या शतके आधीचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी मानसोल्लास संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मत्स्यविनोदावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे 'गळाचा खेळ साहेबाचा' हा समज खोडण्याचा पुरावा अनेक दशके आपल्या कपाटात आहे. आपण कपाट उघडले नाही, इतकेच.

१५/ पुढचा टप्पा कंपनी सरकारचा. मुंबई इलाख्यात सांख्यिकी काम करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले. १८३९ च्या त्यांच्या नोंदींतून आलेली 'पोटेल', 'कोलस', 'मुसुल्ला' ही शास्त्रीय नावे आजही जगभर चालतात. नीट ऐका: हे लॅटिन नव्हे. नदीकाठच्या कोण्या मराठी माणसाने साहेबाला माशाचे नाव सांगितले, साहेबाने ते लिहून घेतले. माशाच्या नावापुढे साइक्स यांचे नाव कायमचे लागले. सांगणाऱ्याचा शब्द राहिला, सांगणारा राहिला नाही.

१६/ मग हेन्री सलिव्हन थॉमस. मद्रास मुलकी सेवेतील अधिकारी. १८७३ साली त्यांनी भारतातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि १८८७ साली खास तळ्यांतील मासेमारीवर दुसरे. पहिले पुस्तक हिंदुस्थानातील साहेबी शिकाऱ्यांचा आधारग्रंथ ठरले. थॉमस यांचे निरीक्षण बारकाईचे होते, त्यांच्या परिश्रमांबद्दल आदरच आहे. पण ज्या तळ्यांवर ते गेले, तिथे त्यांच्या आधी पिढ्यान्पिढ्या माणसे गळ टाकीत होती, हे विसरून चालणार नाही.

१७/ माझा पहिला मुद्दा हा. एकच कृती राजाने केली तर 'विनोद', साहेबाने केली तर 'क्रीडा' आणि भोयाने केली तर नुसते 'पोट भरणे'. पोटासाठी गळ टाकणाऱ्याची चूक त्याला उपाशी ठेवते. म्हणून त्याचे निरीक्षण अधिक काटेकोर असण्याचीच शक्यता जास्त. तरीही ज्ञानाच्या वहीत त्याचे खाते कधी उघडले गेले नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी हे मान्य करावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

१८/ जालन्याचेच पाहा. 'जालना सोने का पालना' म्हणून मिरवणारे हे गाव कुंडलिकेच्या काठी वसले. मस्तगड निजामुल्मुल्काच्या आज्ञेवरून १७२५ साली काबिलखानाने बांधला, हे आपल्याला ठाऊक आहे. मोती तलावाचे श्रेय मलिक अंबराच्या काळातील जमशेदखानाला दिले जाते, हेही ठाऊक आहे. १८२७ च्या सुमारास इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली, १९०३ मध्ये उठली; त्याचीही नोंद आहे. बांध घालणाऱ्यांची नावे टिकली. त्या पाण्यात कमरेइतके उभे राहून जगलेल्यांची एकही ओळ आपल्यापाशी नाही.

१९/ याच जुन्या हैदराबाद राज्याच्या दुसऱ्या तुकड्याने मरळीला वेगळा मान दिला. तेलंगणाने २०१६ साली तिला राज्यमासा केले. मृग नक्षत्राच्या आरंभी हैदराबादेत बत्तिनी गौड कुटुंबाकडून दम्यासाठी जिवंत मरळीच्या पिल्लासह औषध घेण्यास हजारोंची रांग लागते. गुणाला वैद्यकीय पुरावा नाही, पण माशाची प्रतिष्ठा त्यातून दिसते. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरवले. निवड योग्य असेल. परंतु समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्याच्या माशाला आपण ओळखतो तरी का?

२०/ आता वर्तमान. गेल्या काही वर्षांत तळ्यांच्या काठी रबरी बेडूक आणि चकचकीत काठ्या दिसू लागल्या आहेत. तरुण मंडळी परदेशी चित्रफिती पाहून शिकतात. यात वावगे काही नाही. रबरी बेडूक जिवंत बेडकापेक्षा बराच. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपण १९८७ साली थांबवली, ती त्यांचा संहार पाहूनच. शिवाय मासा पाण्यात परत सोडण्याची रीतही ही मंडळी पाळतात. अडचण अशी की तंत्रासोबत आलेली ही नीती परक्या माशासाठी घडलेली आहे.

२१/ पावसाळा मरळीच्या विणीचा काळ. अंडी पाण्यावर तरंगतात, पिल्ले तांबूस घोळक्याने पृष्ठभागाशी वावरतात आणि नर, कधी जोडीही, त्यांच्या खाली पहारा देत राहते. घोळक्यावरून जे जाईल त्यावर पहारेकरी तुटून पडतो. भूक नसली तरी. म्हणून घोळका दिसला की तिथून बेडूक ओढणे हा मरळ हमखास लागण्याचा उपाय मानला जातो. इथे शेवटच्या दोन हातांची विद्या लागत नाही, संयम लागत नाही, कौशल्य तर नाहीच. लागते ते फक्त एका बापाचे बापपण.

२२/ मस्की अंडी पाण्यात विखरून निघून जातो, पिल्लांवर पहारा देत नाही. त्याला पकडून सोडले तर तो आपल्या वाटेने जातो. मरळीचे तसे नाही. पहारेकऱ्याला काठावर आणून, छायाचित्र काढून, जपून परत सोडले तरी तेवढ्या मिनिटांत त्याचा घोळका तिलापियांच्या, बगळ्यांच्या आणि इतर माशांच्या तोंडी जाऊ शकतो. 'आम्ही सोडून देतो' हे उत्तर इथे अपुरे पडते. पिल्ले राखणाऱ्या बास माशाच्या विणीच्या दिवसांत कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या बऱ्याच भागांत त्याची शिकारच बंद असते. म्हणजे तिकडेही जाण आहे. आपण चित्रफितींतून ती तेवढी घेतली नाही.

२३/ आणि इथे मस्कीचा अशोक परत येतो. राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी त्याने कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक पौर्णिमा आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, असा नियम आहे. त्याच लेखात गाभण आणि पिल्लांना पाजणाऱ्या मेंढ्या, शेळ्या, डुकरिणी अवध्य ठरवल्या आहेत. पिल्ले राखणाऱ्या जिवाला त्या काळात हात लावू नये, हा विचार या भूमीला सव्वादोन हजार वर्षांपासून परिचित आहे. तो परदेशातून मागवावा लागणार नाही.

२४/ यावर आक्षेप येईल की भोई बांधवही विणीच्या काळात मरळ धरीत; मग छंदिष्टांनाच उपदेश का? आक्षेप खरा आहे. जुन्या काळी सारे घोळके राखले जात, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्याची चूल त्या माशावर पेटते त्याचा न्याय वेगळा, आणि ज्याला केवळ झडपेचा थरार हवा त्याचा वेगळा. ज्याला दुसरा पर्याय आहे, त्याने आधी थांबायचे असते.

२५/ कायदे आहेत. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने मनाई केली; महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय कायदा १९६० चा. पण तळ्याच्या प्रत्येक काठावर शिपाई उभा करता येत नाही. तिथे चालते ती रीत. माझे म्हणणे तीन ओळींचे आहे. तांबूस घोळका दिसला की काठी गुंडाळावी. मृगापासून पिल्ले सुटी होईपर्यंत मरळीच्या मागे लागू नये. आणि ज्याच्याकडून तळे शिकलो, त्याचे नाव सांगावे.

२६/ कौशल्याचा अभिमान शेवटच्या दोन हातांत असतो, हे मस्कीने शिकवले. त्या दोन हातांत आमिष कधी हलवायचे आणि कधी स्थिर ठेवायचे, हे मरळीने शिकवले. तिसरा धडा आपण स्वतः शिकायचा आहे: कधी आमिष पाण्यात टाकायचेच नाही.

२७/ आपल्या गावच्या तळ्यात मरळीला काय म्हणतात, तिच्या पिल्लांच्या घोळक्याला कोणता शब्द आहे, बेडूक टेकवण्याच्या रीतीला कोणते नाव आहे, हे खाली जरूर लिहावे. घरात कोणी जुने जाणते असतील तर त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह लिहावे. साइक्स यांच्या वहीत जी जागा कोरी राहिली, ती निदान आपल्या वहीत भरावी. #जालना #मराठवाडा #इतिहास